उसन्या छातीवर

मी पट्टा बोलतोय. पट्टा म्हटलं की लोकांना विजारीचा आठवतो, नाहीतर कुत्र्याच्या गळ्यातला. मी त्यातला नव्हे. मी छातीला बांधतात तो. लांबलचक इलॅस्टिक, मधोमध एक छोटी डबी आणि आतल्या बाजूला कातडीला चिकटणारे दोन गुळगुळीत तुकडे. पळणाऱ्या माणसाच्या हृदयाचे ठोके मोजायचे आणि मनगटावरच्या घड्याळाला कळवायचे, एवढंच माझं काम. घड्याळ पुढे ते कुणाला सांगतं, याच्याशी आपला काय संबंध, असं मला पूर्वी वाटायचं.

थकलोय मी. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मध्येच आवाज बसला तर सांभाळून घ्याल.

माझा जन्म कारखान्यातला. शिवणयंत्रांच्या रांगेतून बाहेर पडलो आणि एका बाईंनी मला एका यंत्राला अडकवलं. ते यंत्र खोटेच ठोके द्यायचं आणि आम्ही ते बरोबर मोजतो का हे त्या बाई बघायच्या. माझ्या आयुष्यातलं पहिलं हृदय ते. ना घाई, ना भीती, ना दम लागणं. बाईंनी मान डोलावली, मला खोक्यात घातलं आणि मी पास झालो. माणसांची हृदयं तशीच असतील अशी समजूत घेऊन मी दुकानात येऊन पडलो.

तिथून मला सरांनी उचललं. सर म्हणजे पळणाऱ्यांचे प्रशिक्षक. डोक्याला टोपी, गळ्यात शिट्टी, आणि बोलणं असं की मैदानाच्या पलीकडे कपडे वाळत घालणाऱ्या बायकांनाही सगळ्यांच्या चुका पाठ व्हाव्यात. त्यांनी मला एका किडकिडीत मुलीच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "काडे, हा घे. आता तू खोटं बोललीस तरी हा बोलणार नाही."

काडी हे तिचं नाव सरांनीच पाडलेलं. शाळेत असताना ती पहिल्यांदा मैदानावर आली तेव्हा सर म्हणाले होते, "ही काडी पळणार?" आणि ती पळाली. नंतर सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. मी आलो तोवर तिचं लग्न झालं होतं आणि पळणं हाच तिचा पोटापाण्याचा धंदा झाला होता. लांब पल्ल्याच्या शर्यती. लोकांना ते पटकन पचायचं नाही. लग्नाकार्यात कुणीतरी हटकून विचारायचंच, "पळता ते ठीक आहे, पण करता काय?" ती नुसती हसायची. तिचा नवरा मात्र गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "दमते."

नवरा बेकरीत भट्टीवर कामाला होता. अंगानं चांगला भरलेला, हसला की पोट आधी हलायचं. त्याला ती गोणी म्हणायची. काडी आणि गोणी एका घरात राहतात, ही त्या इमारतीतली जुनी थट्टा होती आणि ते दोघंही तिच्यात आनंदानं सामील व्हायचे.

तिच्या छातीवर पहिल्यांदा बसलो तो दिवस मला चांगला आठवतो. मला घालायच्या आधी ओलं करावं लागतं, नाहीतर मला ऐकू येत नाही. तिनं नळाखाली धरलं, गार लागलं म्हणून दात आवळले आणि मागे हूक अडकवला. आत शांतता. दोन ठोक्यांच्या मध्ये एवढं अंतर, की मला वाटलं डबीच बिघडली. मग ती पळायला लागली आणि ते हृदय असं कामाला लागलं, की कारखान्यातलं ते यंत्र मी कायमचं विसरलो. एवढं ताकदवान, एवढं समजूतदार हृदय मी पुन्हा पाहिलं नाही. मला तिचा अभिमान वाटायचा. पट्ट्याला अभिमान वाटतो की नाही हा वाद तुम्ही घाला, मला वाटायचा.

सरांचा एक नियम होता. कठीण दिवस कठीण आणि संथ दिवस संथ. कठीण दिवशी मैदानावर फेऱ्यांवर फेऱ्या, जीव जाईपर्यंत. दुसऱ्या दिवशी मात्र इतकं सावकाश पळायचं, की शेजारी चालणाऱ्याशी घरच्या गप्पा मारता याव्यात. "हाडं त्या संथ दिवशी भरतात," सर सांगायचे. "कठीण दिवशी मी तुला अडवणार नाही. संथ दिवशी तू घाई करायची नाहीस." कठीण दिवशी ते समोर उभे असायचे. संथ दिवशी ती एकटी घराजवळच्या रस्त्यावर पळायची आणि सर आपल्या घरी बसून फोनवर माझे आकडे बघायचे.

पोरगी गुणाची होती, पण तिला संथ पळणं जमायचं नाही. म्हणजे पायांना जमायचं, जिवाला जमायचं नाही.

पहिल्यांदा तिच्या नडगीच्या हाडाला चीर गेली. केसाएवढी. ती नेमकी भरात असताना. कडक प्लास्टिकचा बूट पायात, आणि तलावात कमरेला तरंगणारा फोमचा पट्टा बांधून उभ्या उभ्या पळायचं. तो फोमचा पट्टा माझा दूरचा भाऊ म्हणायला हरकत नाही, पण भलताच फुगीर. पाण्यात मला धड ऐकू येत नाही, मी मधेच शून्य दाखवायचो आणि ती माझ्यावर वैतागायची. बरी झाली, पुन्हा पळाली, पुन्हा भरात आली. मग पावलाचं हाड. पुन्हा बूट, पुन्हा तलाव, पुन्हा तो फुगीर भाऊ. खरं सांगू, दुसऱ्या वेळी रडायलाही कुणात त्राण नव्हतं. गोणीनं बूट पुसून दारामागे ठेवला आणि म्हणाला, "आपण हा टाकून दिला नव्हता तेच बरं केलं."

त्या दुसऱ्या दुखण्यातून ती उठली तेव्हा राष्ट्रीय संघाची निवड शर्यत समोर होती. तिचं वय बघता, पुढची निवड येईल तेव्हा तिच्यासाठी जागा उरणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. त्यात मैदानावर एक नवी पोरगी आली होती. कोवळी, बिनधास्त, पळताना गुणगुणणारी. शेवटच्या फेरीत ती काडीच्या पुढे निघून जायची आणि वर "ताई, थांबू का?" म्हणून विचारायची. मनात काही नसायचं तिच्या. पण काडीचं हृदय तेव्हा कसं उसळायचं, ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

एका दुपारी गोणी कामावरून येऊन आडवा झाला होता. तिनं मला त्याच्यासमोर धरलं.

"हे घाल आणि सायकलवर एक चक्कर मारून ये. घड्याळही घे. सावकाश जा, मी संथ पळते तेवढंच."

"मी? अगं, माझी छाती कुठे संपते आणि पोट कुठे सुरू होतं, ते मलाच माहीत नाही."

"सैल करून देते."

"आणि तू?"

"मी टेकडीवर जाते. चढावर पळायचंय मला."

तो उठून बसला. "आज संथ दिवस ना तुझा? सर काय म्हणतील?"

"सर आकडे बघतात. छाती बघायला येत नाहीत." मग तिचा आवाज एकदम उतरला. "अरे, मी हळू पळले ना, की वाटतं माझ्या हातातलं कुणीतरी काढून घेतंय. किती महिने बसून काढले मी. आता बसवत नाही मला. एवढं कर ना."

तिला नाही म्हणणं त्याला कधी जमलं नव्हतं. नळाचं गार पाणी लागल्यावर तो असा ओरडला, की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली.

तर अशी मी छाती बदलली, आणि मग दर संथ दिवशी तेच. ते हृदय वेगळं होतं. प्रेमळ, पण आळशी. जरा चढ आला की धापा टाकायचं, उतार आला तरी बराच वेळ धापाच. त्याच्या घामाला पिठाचा वास यायचा. सायकल करकरत जायची आणि वाटेत भेटणाऱ्या ओळखीच्यांना तो सांगायचा, "डॉक्टरांनी सांगितलंय." कुठल्या डॉक्टरांनी, ते कुणी विचारत नसे. त्याच्या घेरापुढे माझं इलॅस्टिक मात्र पार ताणलं गेलं. कठीण दिवशी काडी मला घालायची तेव्हा तिला मागचा हूक आत, आणखी आत ओढावा लागायचा.

सरांकडे आकडे जात राहिले. वेग संथ, ठोके बेताचे. सगळं कसं शहाण्यासारखं. आणि मग अशी एक गोष्ट झाली, जिचा आमच्यापैकी कुणीच विचार केला नव्हता. गोणी सुधारायला लागला. सायकलच्या चकरा मारून त्याचा दम वाढला. त्याच चढावर त्याच्या ठोक्यांचा आकडा हळूहळू खाली यायला लागला. बेकरीत पिठाची पोती उचलताना तो शीळ घालू लागला.

एका संध्याकाळी सरांचा फोन आला. त्यांचा आवाज फोनच्या बाहेर ऐकू यायचाच. "अगं काडे, कमाल आहे तुझी! त्याच वेगाला ठोके केवढे उतरलेत. एवढी लवकर सुधारणा मी आजवर कुणात पाहिली नाही. शरीर सगळं पचवतंय तुझं. पुढच्या आठवड्यापासून मैदानावरचं काम वाढवू. आता भिऊन चालणार नाही."

तिनं फोन ठेवला. गोणी हातातला कप तसाच धरून बसला होता.

"अगं, हे कौतुक माझं चाललंय," तो म्हणाला.

"मग घे की."

"थट्टा नको. ते माझ्या छातीवरून तुझं काम वाढवतायत. सांगून टाक त्यांना."

"निवड झाली की सांगते. तेव्हा हसतील सर."

त्या दिवशी जेवणं झाल्यावर त्यानं मला धुवून दोरीवर टाकलं आणि बराच वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला. मी काय करणार? मला मोजता येतं. कुणाचं मोजतोय, ते सांगता येत नाही. अशा वेळी मला माझ्या जन्माचा कंटाळा येतो.

आता कठीण दिवस जास्त कठीण झाले आणि संथ दिवस उरलेच नव्हते. तिच्या जांघेत दुखू लागलं. न्हाणीघरात नळ सोडून ती मलम चोळायची, म्हणजे गोणीला कळू नये. जिना उतरताना कठडा धरायची. मैदानावर मात्र अशी वेगात सुटायची, की सर शिट्टी तोंडातून काढून नुसते बघत राहायचे. खोटं कशाला बोलू, ती कधी पळाली नव्हती एवढी सुंदर त्या दिवसांत पळत होती. नव्या पोरीचं गुणगुणणं थांबलं होतं.

मग ती फेरी आली. वळणावरून सरळ रस्त्याला लागताना तिचा डावा पाय टेकला आणि टेकलाच नाही. ती ओरडलीसुद्धा नाही. दोन पावलं लंगडत गेली आणि मैदानावर बसली. तिच्या छातीवर मी होतो. हृदयाला काही म्हणजे काही झालं नव्हतं. ते तर अजून कितीतरी फेऱ्या पळायला तयार होतं. त्याला कळतच नव्हतं, की आता खाली पाय नाही.

इस्पितळात परिचारिकेनं मला काढलं आणि गोणीच्या हातात दिलं. त्यानं मला शर्टाच्या खिशात कोंबलं. डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या. मांडीचं हाड, खुब्याच्या जवळ, चीर गेली आहे. अजून हाड जागेवर आहे म्हणून शस्त्रक्रिया टळली. "पण ह्या पायावर भार टाकायचा नाही. कुबड्या. मी सांगेपर्यंत एक पाऊलसुद्धा नाही. हाड सरकलं, तर पळणं विसरा. नीट चालता आलं तरी नशीब म्हणावं लागेल."

निवड शर्यतीचं कुणी विचारलंच नाही.

बाई गेल्यावर सर खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसले. टोपी काढून हातात घेतली होती. टोपीशिवाय ते एकदम म्हातारे दिसत होते, आणि आवाज तर त्यांचा वाटतच नव्हता.

"माझं चुकलं, पोरी. आकडे चांगले दिसले आणि मला लोभ सुटला. दोनदा मोडलेली पोरगी, तिला मी पुन्हा पिळून काढलं. आता मी हे बंद करतो. शिट्टी त्या नव्या पोरीच्या बापाला देऊन टाकतो, तो नाहीतरी माझ्यापेक्षा जास्त ओरडतो."

हा विनोद होता, पण कुणी हसलं नाही. काडीनं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. ती बोलेल म्हणून गोणीनं वाट पाहिली. मी त्याच्या खिशात होतो. सायकलवर कधी लागला नाही असा दम त्याला बसल्या जागी लागला होता. शेवटी त्यानं मला बाहेर काढलं आणि सरांच्या समोर धरलं.

"सर, संथ दिवशी हा माझ्या छातीवर असायचा."

सरांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या पोटाकडे पाहिलं, माझ्या ताणलेल्या इलॅस्टिककडे पाहिलं.

"आणि ही?"

"टेकडीवर."

"दर वेळी?"

"जवळजवळ."

सरांनी हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली. मग त्यांना हसू फुटलं, वाईट हसू. "म्हणजे एवढे दिवस मी तुला शिकवत होतो होय? सुधारणा चांगली आहे तुझी." आणि ते रडायला लागले. मैदानभर ऐकू जाणारा माणूस, पण रडताना आवाज केला नाही त्यांनी.

भिंतीकडून काडी म्हणाली, "सर, मी सांगणार होते."

"कधी?"

सरांनी टोपी घातली. मला वाटलं, आता हा माणूस जातो तो पुन्हा येत नाही. दारापर्यंत जाऊन ते वळले. "कुबड्या उंचीला बरोबर आहेत का ते बघून घे," गोणीला म्हणाले. "काखेत रुतता कामा नयेत. उद्या येतो मी."

ते आले. रोज आले नाहीत, पण आले. काडी घरात खिडकीजवळच्या खुर्चीवर बसायची आणि बसूनच हातांचे व्यायाम करायची, खिडकीच्या गजाला रबर बांधून ओढायची. मला घालायची. सरांनीच सांगितलं होतं तसं. माझं इलॅस्टिक आता तिच्या अंगावर टिकेना, म्हणून गोणीनं मागे एक टाका घातला. भट्टीवाल्याचा टाका, काय बोलावं त्याबद्दल.

दिवस फार लांब असायचे. ती कुणाशी भांडायची नाही, रडायची नाही. रबर ओढायची, थांबायची, रस्त्याकडे बघायची. रस्त्यावरून कुणी पळत गेलं, तर मान फिरवायची. असलं शांत बसणं मला तिच्या धावण्यापेक्षा जड जायचं. मी तिच्या छातीवर नुसता पडून असायचो आणि आतमध्ये दोन ठोक्यांच्या मध्ये ते लांब अंतर, पहिल्या दिवसासारखंच.

निवड शर्यत टीव्हीवर दाखवणार होते. गोणी म्हणाला, "नको लावू या." ती म्हणाली, "लाव." व्यायाम नुकताच झाला होता आणि मला काढायचं तिच्या लक्षात राहिलं नाही.

बंदूक वाजली आणि माझ्या खाली ते हृदय उठलं. ती खुर्चीत बसलेली, कुबड्या भिंतीला टेकलेल्या, हात मांडीवर. अंगाची हालचाल म्हणून नाही. आणि ठोके चढत होते. पहिल्या फेऱ्यांना जेवढे असतात तेवढे. मधल्या फेऱ्यांना जेवढे असतात तेवढे. नवी पोरगी पुढच्या घोळक्यात होती. गोणी तिकडे बघत नव्हता, हिच्याकडे बघत होता.

शेवटच्या फेरीची घंटा झाली. नवी पोरगी सुटली. आणि काडी खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन उठली. डावं पाऊल फरशीला लागलं. अजून भार पडला नव्हता, नुसतं लागलं होतं. ठोके असे आदळत होते, की माझी डबी फुटेल असं मला वाटलं. गोणी धावला, पण मधे टेबल होतं. तो पोचणार नव्हता. मी पुन्हा काहीच करू शकत नव्हतो.

तिनं पाऊल उचललं. आणि ती खाली बसली. स्वतःच, कुणी हात न लावता. बसून तिनं दोन्ही हातांनी डाव्या मांडीला धरलं, अंगावरच्या लेकराला धरावं तसं, आणि पोरगी रेघेपार जाईपर्यंत सोडलं नाही. मग ती रडली. इतक्या महिन्यांचं एकदम.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा, सगळ्या घराला ऐकू जाईल असा.

"काडे, काल दुपारी पट्टा कुणाच्या छातीवर होता?"

"माझ्याच, सर."

"खरं?"

"खरं."

"काय करत होतीस एवढं?"

"बसले होते."

मग सर म्हणाले, इतकं हळू, की मला कान देऊन ऐकावं लागलं, "बरं. बसून राहा, बाळ."

ती बसून आहे. हाड भरतंय, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. पुढचं कुणी सांगत नाही आणि ती विचारत नाही. मी आता जुना झालोय. टाका उसवत आलाय, डबीचं झाकण नीट बसत नाही, माझ्यासारखे कारखाना आता बनवत नाही म्हणे. उद्या नवा पट्टा येईल, आला तर बरंच. त्याला माझा एवढाच निरोप द्या, की हिचे आकडे वर गेले तर लगेच घाबरू नकोस. आधी बघ, ती बसलेली आहे का.